चहाच्या पाकिटातला ग्लास

ज्या भांड्यावर नाव नाही ते भांडं घरचं नाही, असा आपल्याकडे फार दिवस रिवाज होता. लग्नातली कळशी, बारशाचा वाटी-चमचा, मामानं दिलेलं ताट, संक्रांतीला लुटलेल्या वाट्या, या सगळ्यांवर कुणी, कुणाला, कोणत्या साली दिलं ते कोरलेलं असे. आधी हे काम बारीक छिन्नीनं, ठिपक्याला ठिपका जोडून व्हायचं. मग भांड्यांच्या दुकानात विजेवर घरघरणारं यंत्र आलं आणि अक्षरं सलग झाली. शुद्धलेखन मात्र होतं तसंच राहिलं. माणूस गेल्यावरही भांडं यायचंच. उत्तरकार्याला जमलेल्या सोयऱ्यांना ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेला तांब्या नाहीतर डबा मिळायचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीतल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या मांडणीपुढे उभं राहिलं की कोणती फुई (आत्या) कुठे दिली आणि कोणती काकू कुठून आणली, हे न विचारता कळायचं.

पुढे त्याच मांडणीवर अशी भांडी येऊ लागली, ज्यांच्यावरचं नाव कुठल्याच सोयऱ्याचं नव्हतं. चहाच्या पाकिटाबरोबरचा ग्लास, कपडे धुण्याच्या पावडरीवरचा वाडगा, कृषी सेवा केंद्रातून आलेला जग, पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाचा डबा. किराणा दुकानात जिन्नस मागायच्या आधी ‘यावर काय स्कीम आहे?’ असं विचारायची सवय लागली. आजी ते भांडं हातात घेऊन उलटसुलट करायची आणि अहिराणीत एवढंच विचारायची, “हाऊ डबा कोना शे?” कंपनीचा, असं सांगितलं तरी तिचं समाधान होत नसे. कंपनी कुणाची कोण लागते, हे तिला कळायला हवं असायचं.

इथे आधी एक फरक करायला हवा. माल ज्यात येतो ते भांडं वेगळं आणि मालाच्या जोडीला येतं ते वेगळं. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि त्याचा ताडाच्या झाडाचं चित्र असलेला पिवळा पत्र्याचा डबा तूप संपल्यावर देशभर उरला. त्यात तुळस लावली गेली, डाळ भरली गेली, आणि पहाटे रानात जाताना पाणीही त्यातच नेलं गेलं. पंधरा किलो तेलाचा चौकोनी डबा वरून कापून, झाकण-कडी बसवून घेतली की धान्याची लहानशी कोठी व्हायची. कॉफीच्या काचेच्या बरण्या लोणच्याला गेल्या. ही सगळी घरच्या बाईची करामत. कंपनीनं काही दिलं नव्हतं, उरलेलं तिनं वापरलं. (कपाशीवर फवारायच्या औषधाचे रिकामे डबेसुद्धा असे घरात शिरले. ते कितीही घासले तरी त्यांत पाणी किंवा धान्य ठेवायचं नाही, हे अजूनही सांगावं लागतं.) जोडीला आलेल्या भांड्याची गोष्ट निराळी. ते विचार करून, मोजून-मापून, आपल्याच घरात यावं म्हणून बनवलेलं असतं.

आमच्याकडच्या चहाच्या ग्लासाचंच बघा. जाड बुडाचा, खाली अरुंद आणि वर जरा पसरट काचेचा ग्लास, मधोमध लाल फुलाचं चित्र, त्याखाली चहाचं नाव. एका मोठ्या पाकिटाला एक ग्लास. सहाचा सेट व्हायचा तर सहा पाकिटं. आमच्याकडे चहा सुटा, पुडीनं यायचा, कारण रोजंदारीच्या माणसांनाही चहा लागे आणि पाकिटातला परवडत नसे. तरी ग्लास पाहिल्यावर आईनं पाकीट आणायला लावलं. पाहुण्यांचा चहा पाकिटातला आणि घरचा पुडीतला, असे दोन चहा घरात उकळू लागले. सहापैकी चार ग्लास जमले आणि स्कीम संपली. उरलेले दोन कधीच आले नाहीत. पाचवा पाहुणा आला की त्याला कपबशी.

सेट पुरा करायची ही ओढ म्हणजे या धंद्याची किल्ली. एक भांडं फुकट मिळालं तर माणूस खूश होतो; सहातलं एक मिळालं तर तो उरलेल्या पाचांसाठी परत येतो. अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीत सिनेमाघरं ओस पडली, तेव्हा मालकांनी आठवड्यातला सर्वांत थंड वार निवडून त्या दिवशी तिकिटावर एक बशी, एक कप किंवा एक वाडगा द्यायला सुरुवात केली. त्याला ‘डिश नाइट’ म्हणत. पुरा सेट व्हायला कित्येक महिने सिनेमे पाहावे लागत, आणि बायका ते पाहत. त्याच काळात ओट्सच्या खोक्यात काचेची रंगीत भांडी टाकलेली असत; आज ती ‘डिप्रेशन ग्लास’ या नावानं हौशी लोक पैसे मोजून गोळा करतात. फ्रान्समध्ये मोहरीची चटणीच पाणी प्यायच्या ग्लासात भरून विकली, चटणी संपली की ग्लास घरचा. जपानमध्ये यामाझाकी या पावाच्या कंपनीनं १९८१ साली वसंतातली योजना सुरू केली. पावाच्या पिशवीवरचे गुणांचे स्टिकर कागदावर चिकटवायचे आणि ठरलेले गुण भरले की पांढरी काचेची बशी घ्यायची. सोडत नाही, नशीब नाही. ज्यानं गुण भरले त्याला बशी. ही योजना अजून चालू आहे.

आपल्याकडे कागदावर चिकटवायचं काम वर्तमानपत्रांनी लावलं. पहिल्या पानावर रोज कुपन, ते कापायचं, प्रवेशिकेवर नंबरवार चिकटवायचं, शेवटी एजंटाकडे जमा करायचं आणि भांडं घ्यायचं. खेड्यात अंक दुपारपर्यंत यायचा आणि चावडीवर, सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर दहा हातांतून फिरायचा; त्यामुळे कुपन आधीच कुणीतरी कापलेलं असायचं आणि मागच्या बाजूची अर्धी बातमी गायब. गहाळ झालेल्या एका नंबरासाठी दुसऱ्या गावाला निरोप जायचे. लोकमतच्या सखी मंचासारख्या महिला मंचांनी तर सभासद झालं की भेटवस्तू असं थेट सूत्र ठेवलं. आमच्या काकूनं मंचाचा एकही कार्यक्रम पाहिला नाही. शहाद्याला किंवा नंदुरबारला जायला सवड कुणाला होती? पण भेटवस्तू तिनं न चुकता आणली.

फुकट, फुकट म्हणायचं, पण हे फुकट कुणाच्या खिशातून येतं? १९८४ साली मक्तेदारी व अनिष्ट व्यापार प्रथांवरच्या कायद्यात, म्हणजे एमआरटीपी कायद्यात, एक दुरुस्ती झाली. वस्तूची किंमत एकूण व्यवहारात पूर्ण किंवा अंशतः वसूल होत असताना ती मोफत दिल्याचा भास निर्माण करणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. देऊ म्हणून जाहीर केलेली भेट मुळात द्यायचीच नाही असा इरादा असणं, हेही त्याच कलमात आलं. पुढे ही व्याख्या ग्राहक संरक्षण कायद्यात गेली आणि २०१९च्या नव्या कायद्यातही ती आहे. कायदा वाचला तर वाटेल, चहाच्या पाकिटावर ‘मोफत’ छापणाऱ्या निम्म्या लोकांना कोर्टात उभं करावं लागेल. तसं होत नाही, कारण किमतीत ग्लास धरलाय की नाही हे सिद्ध करणं जिकिरीचं. माझ्या आईला ते कोर्टाशिवाय कळत होतं. ती पाकीट हातात तोलायची, मागच्या महिन्याच्या पाकिटाशी वजन आणि किंमत ताडून बघायची आणि म्हणायची, “चहा कमी केलाय मेल्यांनी.” तरीही घ्यायची. ग्लास सुटा घेतला तर किती पडेल हेही तिनं मनात मांडलेलं असायचं.

कायद्यानं ज्याचा विचार फारसा केला नाही, तो किराणा दुकानदार. पाकिटाला रबरानं बांधलेला ग्लास दुकानात उतरताच सुटा व्हायचा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ग्लास मिळे, उधारीवाल्याला नुसतं पाकीट मिळे, आणि शिल्लक ग्लास पुढे फळीवर विकायला मांडलेले दिसत. खेड्यातल्या बाईला पाकिटावर काही फुकट होतं हेच ठाऊक नसायचं. म्हणून कंपन्या मग भांडं आणि पाकीट एकाच प्लास्टिकच्या वेष्टनात घट्ट आवळून पाठवू लागल्या आणि पाकिटावरच मोठ्या अक्षरांत छापू लागल्या. दुकानदारांनी ब्लेड घेतलं. ही चढाओढ बरीच वर्षं चालली आणि त्यात आमच्या भागातल्या बायकांनी वाचायला शिकलेल्या पहिल्या शब्दांमध्ये ‘मोफत’ हा एक असावा, असा माझा आपला अंदाज.

सहकाराच्या मुलखात भेटीचं भांडं आणखी एका दारानं आलं. सप्टेंबरअखेरपर्यंत पतसंस्थेची, सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. अहवाल वाचन, ताळेबंद, मंजूर-मंजूर, चहा, आणि मग दाराशी रांग. सभासद नंबर सांगायचा, यादीवर सही किंवा अंगठा करायचा आणि स्टीलचा डबा घ्यायचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्यात सभासदाला लाभांश पंधरा टक्क्यांहून जास्त देता येत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या शेअरवर पंधरा टक्के म्हणजे किती? त्या नोटा सभासदाच्या लक्षातही राहत नाहीत. त्याच पैशाच्या आसपासचा डबा घरात वीस वर्षं राहतो आणि त्यावर संस्थेचं नाव, अध्यक्षांचं नाव, उपाध्यक्षांचं नाव, शक्य झालं तर संचालक मंडळच्या संचालक मंडळ. संस्था बुडाली, तपासाला लागली, तरी डबा टिकला अशी उदाहरणं महाराष्ट्रात कुठेही सापडतील. ठेव अडकलेली माणसं त्याच डब्यातून पीठ काढतात.

राजकारणानं ही वाट हेरली नसती तरच नवल. निवडणुकीच्या अलीकडच्या संक्रांतीला हळदीकुंकू मोठं होतं आणि वाणही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमात मतासाठी दिलेली भेट ही लाच आहे. पण वाण कुणी मतासाठी देतं का? सवाष्णीला देतात.

आता भांड्याकडे बघू, कारण फुकटच्या भांड्याची परीक्षा घरात फार कडक व्हायची. भेटीचा स्टीलचा डबा पातळ. दाबला तर ‘टक्’ करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. काका त्याला चुंबक लावून बघायचे: चिकटलं तर खोटं, नाही चिकटलं तर अस्सल. ही चाचणी अर्धवट आहे. साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेल्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे बरोबर. पण निकेल महाग म्हणून ते कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. ते चिंचेच्या आमटीत आणि मिठाच्या पाण्यात लवकर डागाळतं, आणि ते कळायला दोन-चार महिने जावे लागतात. उलट क्रोमियमवर भागवलेलं, निकेल नसलेलं स्टील चुंबकाला चिकटतं आणि कोरड्या जिनसांना अगदी चालतं. म्हणजे काकांनी नापास केलेला डबा रव्याला चांगला होता आणि पास केलेला डबा लोणच्यानं खाल्ला.

मेलामाइनचे वाडगे पावडरीबरोबर आले. दिसायला चिनी मातीसारखे, पडले तर फुटत नाहीत. खानदेशी जेवणापुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही. शेवभाजीच्या तर्रीत हळद असते, तेल असतं आणि ती उकळती वाढली जाते. हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळून अशा वाडग्याला धरतं आणि घासून निघत नाही. उन्हात ठेवलं तर रंग पुष्कळसा उडतो, कारण कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. हे फुईला कुणी शिकवलं नव्हतं, ती वाडगे पत्र्यावर उपडे घालायची. तसं पाहिलं तर मेलामाइनमध्ये उकळतं, आंबट, तेलकट काही वाढू नये हेच बरं. आमचे वाडगे शेवटी शेंगदाण्यांना गेले.

आणि छाप. चिनी मातीच्या कपावर चित्राचा कागद चिकटवून तो पुन्हा सातशे-आठशे अंश सेल्सिअसला भाजला, तर चित्र चकाकीत मुरतं. स्वस्तातल्या काचेच्या ग्लासावर नुसती शाई छापलेली असते. राखेनं आणि काथ्यानं भांडी घासणाऱ्या घरात ती किती टिकणार? आमच्या चार ग्लासांवरून आधी चहाचं नाव गेलं, मग पानं गेली, शेवटी फुलाचा एक लाल ठिपका राहिला. पैसे देऊन छापलेली जाहिरात घरच्याच राखेनं पुसली आणि ग्लास तेवढा आमचा झाला. स्टीलच्या भांड्यांना आजीनं राखेची वाट बघितली नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला भांड्यांची दुकानं लागतात, तिथे तिनं पतसंस्थेच्या डब्यावर संस्थेच्या नावाखालीच आजोबांचं नाव घालून घेतलं. दहा-बारा संचालकांच्या खाली आजोबा.

पण ग्लास खरा रुजला तो मापात. पूर्वी घरात पायलीचं, शेराचं माप असे. पायलीत चार शेर, शेरात दोन मापटी, मापट्यात दोन चिपटी, त्याच्या खाली कोळवं आणि निळवं. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला, १९५८पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि १९६२पर्यंत बाजारातून शेर-पायली कायद्यानं गेली. किलो आला तो तराजूवर, आणि स्वयंपाकघरात तराजू कुठे होता? मापटी-चिपटी घरात राहिली खरी, पण नव्या सुनांना त्यांचा हिशेब पाठ नव्हता आणि लहान होत गेलेल्या कुटुंबाला मापटं मोठं पडू लागलं. ती जागा अशा फुकटच्या ग्लासांनी आणि वाट्यांनी घेतली. रात्रीच्या खिचडीला तीन ग्लास तांदूळ, एक ग्लास तूरडाळ. शेजारीण साखर मागायला आली की ग्लासभर, आणि परत करतानाही त्याच ग्लासानं, कारण कंपनीनं एका साच्यातून लाखो काढलेले असल्यामुळे शेजारणीकडचा ग्लास नेमका तेवढाच. वजनमापं विभागाला जे जड गेलं असतं ते एका चहाच्या स्कीमनं करून टाकलं: अख्ख्या गल्लीत एक माप. दोनशे मिलिलिटरच्या ग्लासात तांदूळ साधारण १६० ते १७० ग्रॅम बसतो, हे मी पुढे तोलून पाहिलं. आईला त्याची गरज नव्हती. तिला एका ग्लासात किती माणसं जेवतात ते ठाऊक होतं.

तुमच्या मांडणीवर असं एखादं भांडं असेल तर त्याचं वय काढता येतं, साल कोरलेलं नसलं तरी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हा ‘ता. शहादा, जि. धुळे’ असं असलेली वाटी त्याच्या आधीची. ‘पश्चिम खानदेश’ असेल तर ते भांडं महाराष्ट्र राज्य होण्याच्या सुमाराचं किंवा त्याहून जुनं, आणि बहुतेक ते पितळेचंच असेल. पिनकोड असेल तर १९७२नंतरचं, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. दुकानाच्या नावाखाली तीन-चार आकड्यांचा फोन नंबर असेल तर एक्स्चेंज लहान होतं तेव्हाचं. दहा आकड्यांचा मोबाइल असेल तर त्याला जुनं म्हणू नका.

सगळ्यात नवं भेटीचं भांडं सरकारी आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या कामगाराला गृहोपयोगी वस्तूंचा संच देतं. त्यात ३० नग: चार ताटं, आठ वाट्या, चार ग्लास, झाकणासह तीन पातेली, भात-वरण वाढायचे दोन मोठे चमचे, पाण्याचा जग, सात खणांचा मसाल्याचा डबा, तीन मोठे डबे, परात, पाच लिटरचा कुकर, कढई आणि वगराळ्यासकट टाकी. नोंदणीला वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पैसा येतो तो १९९६च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर बसवलेल्या एक टक्का उपकरातून. म्हणजे शहरात कुणी फ्लॅट घेतला तर त्याच्या किमतीतून कुणाच्या तरी घरी परात जाते, आणि ती उचलणारा त्याच इमारतीच्या स्लॅबवर घमेली वाहून आलेला असतो. याला फुकट म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण वाटपाच्या रांगेत शब्द तोच ऐकू येतो.

सातपुड्याच्या पायथ्यापासून सुरत-नाशिककडे कामाला जाणाऱ्या कुटुंबांत हा संच आता पोचतोय. एका घरी तो खोक्यातून निघाला तेव्हा मी होतो. बाईनं नवा ग्लास घेतला, जुना काचेचा ग्लास तांदळानं काठोकाठ भरला आणि नव्यात ओतला. नव्यात बोटभर जागा उरली. तिनं ती मुठीनं भरून पाहिली, मुठीतलं उरलेलं परत डब्यात टाकलं आणि सुनेला सांगितलं, “याच्यानं घेशील तर साडेतीन घे. चार घेतलं की भात उरतो.”